ओकायामातले पाच महिने: होस्ट फॅमिलीत राहायला जाणाऱ्यांसाठी

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुण्यात बरेच जण अजून ‘जपानी बाग’च म्हणतात. लहानपणी आजीचा हात धरून मी तिथे जायचे, ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ हे नाव वाचायचे आणि तळ्यातल्या माशांकडे पळायचे. ओकायामा हे खरंखुरं शहर आहे, तिथे कोराकुएन नावाची १७०० साली पुरी झालेली बाग आहे आणि आपली बाग तिच्यावरून बेतली आहे, हे कळायला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीच्या वर्गात जाऊन बसावं लागलं. २०२३च्या सप्टेंबरअखेरीस मी त्याच ओकायामात एका सत्रासाठी गेले आणि फेब्रुवारीच्या शेवटी परत आले. वसतिगृहात न राहता एका घरात राहिले. घरात ओकासान, ओतोसान आणि ऐंशी पार केलेल्या ओबाआसान, म्हणजे आई, बाबा आणि आजी. यंदा आमच्या वर्गातल्या दोघी जाताहेत. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगत होते, त्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी कागदपत्रं. व्हिसाच्या अर्जाआधी ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ लागतं. त्याची खटपट तिकडचं विद्यापीठ करतं, पण त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानमध्ये पोचायचं असतं. तेव्हा ते हातात आलं की व्हिसाचं काम लांबणीवर टाकू नका. आपल्या मराठी नावांची एक वेगळीच अडचण होते. पासपोर्टवर आपल्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि रेसिडेन्स कार्डावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, ते सगळं जसंच्या तसं उतरतं. जपानी माणसाला आडनाव आणि नाव एवढंच माहीत, मधल्या नावाला तिथल्या फॉर्मवर चौकटच नसते. मी एका ठिकाणी वडिलांचं नाव लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी गाळलं, तिसरीकडे काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, आडनाव वेगळंच लिहिलं. मग दवाखान्याच्या कार्डापासून मोबाइलच्या करारापर्यंत सगळीकडे ‘या तुम्हीच का?’ सुरू झालं. निघण्याआधी सरांकडून पूर्ण नावाचं काताकाना लिहून घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

ओसाकाच्या कान्साई विमानतळावर रेसिडेन्स कार्ड लगेच हातात मिळतं. शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा. पोचल्यावर चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घाला. विमा असला की दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग आपण भरतो. वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शन योजनेतही नाव लागतं. विद्यार्थ्यांना त्या हप्त्यातून सवलत मिळते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो आपणहून मागावा लागतो.

औषधांबद्दल घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, कारण बॅग भरताना आई मूठभर गोळ्या कोंबणारच. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिन्याभरापेक्षा जास्त न्यायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता यातलं काही बॅगेत नको.

आता मुख्य गोष्ट.

आपल्याकडे ‘चालेल’ म्हणतात, तिकडे ‘दाइजोबु’. पुण्यात शिकताना मी वहीत अर्थ लिहिला होता: ‘ठीक आहे’. तिथे गेल्यावर कळलं की त्याचा अर्थ ‘हो’ही होतो, ‘नको’ही होतो आणि ‘मला त्रास होतोय पण तुम्ही काळजी करू नका’ असाही होतो. आपल्या ‘चालेल’सारखंच. पाहुण्याने संकोचाने म्हणायचं, यजमानाने त्यातून ओळखायचं. दोन्हीकडची माणसं भिडस्त असली की काय होतं ते मी दहा दिवस अनुभवलं.

मी शाकाहारी आहे. अंडं आणि दूध चालतं. होमस्टेच्या फॉर्मवर तसं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप आलं, वर तोफूचे चौकोनी तुकडे आणि पातीचा कांदा. मी विचारलं, यात मासा नाही ना? ओकासान म्हणाल्या, नाही. खरंच त्यात माशाचा तुकडा नव्हता. चौथ्या दिवशी ओट्यावर कात्सुओबुशीचं पाकीट दिसलं. वाळवून धुरावलेल्या माशाचे ते पापुद्रे उकळून काढलेलं पाणी, म्हणजे ‘दाशी’, हा तिथल्या निम्म्या स्वयंपाकाचा पाया आहे. आपल्या आमटीत फोडणी धरावी तसा तो धरलेलाच असतो. ओकासान खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ती चव होती, मासा नव्हता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सूप तसंच ठेवायला लागले. ‘का गं, आवडलं नाही?’ म्हटलं की ‘दाइजोबु’. त्यांना वाटलं, मिसो जास्त होतंय. दुसऱ्या दिवशी कमी घातलं. मग बटाटा घालून पाहिला, मग भोपळा, मग वेगळ्या दुकानातून पांढरं मिसो आणलं. रोज संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर ती बाई माझ्यासाठी सूप बदलत होती आणि मी रोज ‘दाइजोबु’ म्हणत होते. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. शेवटी आजींनी मला सरळ विचारलं. आजींचं जपानी म्हणजे अस्सल ओकायामाचं, ‘फार’ला ‘बोक्के’ म्हणणारं. माझी एन-३, म्हणजे जपानीच्या परीक्षेची मधली पातळी, तिथे पुरत नव्हती. पण त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मी सगळं सांगितलं.

ओकासान रागावल्या नाहीत. उठल्या, आणि फडताळातून कोम्बूचं पाकीट काढलं. कोम्बू म्हणजे समुद्रातलं शेवाळ. हातभर लांब, काळपट हिरवी, चामड्यासारखी पट्टी, अंगावर पांढरी भुकटी. मला वाटलं, धुतील. त्यांनी फडकं ओलं करून पिळलं आणि पट्टीवरून नुसतं हलकेच फिरवलं. चव त्या पांढऱ्या भुकटीत असते, ती जाता कामा नये. मग कात्रीने दोन चिरा दिल्या, पातेल्यात थंड पाणी घेऊन पट्टी बुडवली, शेजारी वाटीत वाळलेले शिताके मशरूम भिजत घातले. सकाळी मंद आचेवर ठेवलं आणि तळाशी बुडबुडे दिसायला लागल्यावर, उकळी फुटायच्या आत, पट्टी चिमट्याने बाहेर काढली. शिताकेचं पाणी त्यात ओतलं. त्या सकाळी मी सूपच्या दोन वाट्या प्यायले. पुढे परत येईपर्यंत माझं सूप त्या दाशीचं, आणि घरच्यांनीही आठवड्यातून तीन-चार दिवस तेच घ्यायला सुरुवात केली.

म्हणून फॉर्मवर ‘शाकाहारी’ एवढंच लिहून थांबू नका. ‘मांस, मासे, कोळंबी नाही, कात्सुओ दाशीही नाही, कोम्बू आणि शिताकेची दाशी चालते, अंडं, दूध चालतं’ असं जपानीत लिहून पहिल्या दिवशी द्या. आणि त्याआधी घरी बसून ठरवा की आपल्याला नक्की किती पाळायचं आहे. वर्गातल्या एकीने दाशी चालवून घ्यायचं ठरवलं, तेही तिचं तिने ठरवलं. ठरलेलं नसलं की रोज जेवणाच्या वेळी मनात ओढाताण होते आणि ती समोरच्याला दिसते.

असंच न्हाणीघराचं. तिथे आधी बाहेर बसून साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं आणि मग गरम पाण्याच्या टबात नुसतं बसायचं. तेच पाणी सगळं घर वापरतं. पहिल्या रात्री मी बाहेर येताना टबाचं बूच काढलं. ओतोसान अजून यायचे होते. त्यांना तो टब पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागलं. हे वर्गात कुणीतरी सांगितलं होतं, पण थकून गेल्यावर हात सवयीने चालतो. केसांना तेल लावणाऱ्यांनी टबात बसण्याआधी केस दोनदा धुवावेत आणि वर बांधावेत. उशीवर घालायला घरून एक जुना सुती अभ्रा न्यावा.

थंडी पुण्यातलीही आपण सोसलेली असते, पण तिथलं घर आतूनच गार असतं. बसायच्या खोलीत हीटर आणि कोतात्सू, म्हणजे खाली हीटर आणि वर दुलई असलेलं बुटकं टेबल. पॅसेज, न्हाणीघर, माझी खोली बर्फ. जाड स्वेटर न्यायच्या भानगडीत पडू नका, आतून घालायचे पातळ गरम कपडे तिकडेच घ्या.

सायकल तर हवीच. ओकायामा सपाट आहे. पण शहरात रस्त्याच्या कडेने शेताचे पाट वाहतात आणि कितीतरी ठिकाणी त्यांना कठडा नाही. रात्री पावसात रस्ता कुठे संपतो ते कळत नाही आणि माणसं सायकलसकट आत पडतात. आजींनी मला पहिल्याच आठवड्यात स्वतः चालत नेऊन स्टेशनच्या वाटेवरचे पाट दाखवले. दिवा लावा, अंधारात त्या बाजूने जाऊ नका. छत्री धरून सायकल चालवणं आणि डबलसीट हे दोन्ही बेकायदा आहे. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं असतं. ओला-सुका करायची सवय आपल्याला आहे, पण तिथे वार चुकला की पिशवी तशीच पडून राहते, म्हणून वेळापत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

भेटवस्तू मोठ्या नकोत. मोठ्या वस्तूची परतफेड करायचं त्यांच्यावर ओझं येतं. तुळशीबागेतून घेतलेली दोन पितळी निरांजनं त्यांना फार आवडली. पण सगळ्यांत उपयोगी पडलं ते माझ्या आजीने दळून दिलेलं, घट्ट पॅक केलेलं मेतकूट. त्यांचा भात आपल्या गुरगुट्या भाताइतका मऊ नसला तरी चिकट, गोडसर असतो. एका रविवारी मी वाटीभर गरम भातावर लोणी आणि मेतकूट घालून कालवलं. आजी कोतात्सूत बसल्या होत्या. त्यांनी चॉपस्टिकने थोडं उचललं, वास घेतला, खाल्लं आणि वाटी माझ्या हातातून स्वतःकडे घेतली. तिथे भातावर फुरिकाके नावाची चविष्ट कोरडी भुरभुर घालतात, तसाच हा प्रकार त्यांना वाटला असावा. नंतर डब्यावर जपानीत ‘आजीचं’ असं लिहून चिठ्ठी चिकटवली. माझ्या आजीचं की त्यांचं, ते मी विचारलं नाही.

एकच अजून. निघण्याच्या आदल्या दिवशी पत्ता, पिनकोड आणि घरातल्या सगळ्यांची नावं कांजीत, म्हणजे जपानी चित्रलिपीत, लिहून घ्या. नवीन वर्षाची नेंगाजो कार्डं १ जानेवारीला पोचावीत अशी तिथे पद्धत आहे, आणि पुण्याहून पाठवायची तर नोव्हेंबरअखेरीसच टाकलेली बरी. फोन करायचा तर त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेचार. आमच्याकडे रविवारी साडेचारला दोन्ही आज्या स्क्रीनसमोर येतात. माझी मराठीत बोलते, त्या ओकायामाच्या बोलीत. मी मधे बसून जमेल तेवढं भाषांतर करते. गेल्या रविवारी तिकडून विचारणा झाली की मेतकुटात हरभऱ्याची डाळ किती आणि उडदाची किती घालायची. आजीने वाटीच्या मापाने सांगितलं आणि मी ते लिहून पाठवलं आहे.