शेंगादाणे, चटणी आणि सर

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोनही झाला. लिहायला बसलो तर मैदान, सहली, स्नेहसंमेलन सगळं मागे पडलं आणि इंग्रजीचे सर तेवढे डोळ्यांपुढे आले. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरतं.

आमच्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी. इंग्रजी कुणाच्याच नाही. आपण 'आंब्याची पेटी' म्हणतो, म्हणून झाडून सगळे 'अ बॉक्स ऑफ मँगो' लिहायचे. एकदा सरांनी वर्गात भाजलेल्या शेंगादाण्यांची पुडी आणली आणि शेंगाचटणीची एक. दोन्ही टेबलावर सोडल्या आणि म्हणाले, "मोजा."

दाणे मोजून झाले. चटणी कोण मोजणार?

"मग लिहा, अ पॅकेट ऑफ पीनट्स, अ पॅकेट ऑफ चटणी. दाणे उखळात गेले की एस गेला."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ज्वारीचे दाणेबी मोजता येतात की."

सर खूश! "येतात की. पण मोंढ्यात कोण मोजून घेतंय? म्हणून अ सॅक ऑफ जवार. पोती दोन झाली तर एस पोत्याला लावा, ज्वारीला नको." मग फळ्यावर लिहिलं, 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी.' आंबे कितीही असोत, पेटी एकच, म्हणून इज. दोन पेट्या झाल्या की आर.

दाणे आम्हाला वाटले. चटणी मात्र सर पुडी बांधून घरी घेऊन गेले.

आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, माल परदेशी जातो. पॅकिंग लिस्टवर 'टेन कार्टन्स ऑफ टॉवेल्स' आणि सुताच्या नोंदीत 'टेन बॅग्स ऑफ यार्न' लिहिताना हात अडखळत नाही. ऑफिसातली पदवीधर पोरं मात्र बिनधास्त 'यार्न्स' लिहितात. का, विचारलं तर मोबाईल काढतात. माझा पुतण्या इंग्रजीत चांगले मार्क आणतो, पण हे असंच का, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सरांच्या वर्गात उत्तरापेक्षा 'का'ला जास्त वेळ मिळायचा.

महोत्सव समितीला एक विनंती आहे. नव्या इमारतीतल्या एका वर्गखोलीला सरांचं नाव द्यावं. पाटीचा आणि रंगाचा खर्च आमची बॅच करेल.