झारीतला बगळा

कलेच्या वर्गात सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'काम करणारं शिल्प'. नुसतं बघायचं नाही, वापरायचंही. मला वाटलं, त्यात काय, शिल्प करायचं आणि कुठेतरी भोक ठेवायचं.

मी झारी करायची ठरवली, बगळ्याची. पोटात पाणी, पाठीवर झाकण, लांब मानेची तोटी आणि चोचीतून धार. कागदावर बगळा झकास उतरला. मान छातीतून पुढे आणि खाली झुकलेली, चोच पायांपाशी. मासा दिसलाय, आता झडप घालणार, अशा बेतात. त्या मानेवर मी अख्खा एक तास खर्च केला होता.

माती थोडी सुकून चामड्यासारखी झाली, तेव्हा सर आले. काही न बोलता त्यांनी पट्टी चोचीच्या टोकाशी आडवी धरली. पट्टीचं दुसरं टोक बगळ्याच्या पोटाला अगदी तळाशी टेकलं. "पाणी इथपर्यंतच राहणार," ते म्हणाले. "वर भरलंस की चोचीतून बाहेर."

जोडलेल्या भांड्यांत पाण्याची पातळी एकच राहते, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण परीक्षेत लिहिणं वेगळं आणि आपल्याच बगळ्याच्या पोटात बघणं वेगळं. झारीतला शुक्राचार्य म्हणजे वाट अडवून बसणारा. माझ्या झारीला तोच हवा होता.

तेव्हा मला इटालियन शिल्पकार चेल्लिनीची सोन्याची मीठदाणी आठवली. फ्रान्सच्या राजासाठी 1543 मध्ये त्याने ती पूर्ण केली. समुद्रदेवाच्या शेजारी मिठासाठी जहाज, भूदेवीच्या शेजारी मिऱ्यांसाठी देऊळ. 2003 मध्ये ती व्हिएन्नाच्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि 2006 मध्ये जंगलात पुरलेली सापडली. (चोराने तिच्यात मीठ घातलं नसणार.) चेल्लिनी शहाणा खरा. मीठ ठेवलं तिथे राहतं, पातळी शोधत फिरत नाही.

शेवटी तारेने मान कापली. दोन्ही कडांवर सुईने आडव्याउभ्या रेघा ओढल्या, पातळ चिखल लावला आणि चोच झाकणाच्याही वर जाईल अशी मान पुन्हा बसवली. जोड दाबताना हात थरथरत होते. बगळा आता मासा विसरून वर बघायला लागला, कुणीतरी हाक मारल्यासारखा. मला ते अजिबात आवडलं नाही. चार दिवसांनी आवडलं.

झाकणाने वेगळाच घोटाळा केला. ते मी नंतर, ओल्या मातीचं केलं होतं. ओली माती जास्त आकसते, त्यामुळे भट्टीतून आल्यावर झाकण पाठीच्या तोंडावर न बसता सरळ पोटात पडलं. ते अजून पाण्याखालीच आहे, झारी हलवली की खुळखुळतं.

धार मात्र सुरेख पडते. फक्त झारी सरळ करताना शेवटचा थेंब चोचीखालून मागे वळतो. कड धारदार असती, तर तो तिथेच तुटून पडला असता. पण टोचू नये म्हणून मी चोचीचं टोक बोटाने गोल करून ठेवलं होतं. थेंब गळ्यावरून निघतो, जोडाच्या बारीक रेघेशी क्षणभर अडतो आणि मग खाली घसरतो. बगळा वर बघतोय. खाली मी फडकं ठेवलंय.