नवं गाणं तीनदा ऐका
आजचा दिवस घरच्यांच्या आवडीची गाणी ऐकण्यात गेला, त्यावरून सुचलं ते लिहितोय. नवं संगीत पहिल्या फटक्यात आवडेलच असं नाही, कान आधी ओळखीचं काहीतरी शोधतात. म्हणून तेच गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा गायकाला सोडून फक्त बेस, म्हणजे खालचा जाड, घुमणारा आवाज, पकडा. मोबाईलच्या स्पीकरवर तो जवळजवळ गायब असतो, तेव्हा हेडफोन लावाच (डावा-उजवा बघून!). तिसऱ्यांदा ताल बोटांवर मोजा, चार-चार बसत नसेल तर तीन किंवा सात मोजून बघा. दोन गाण्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, मोठ्यानं वाजणारं उगाच सरस वाटतं. आणि आईनं लावलेलं गाणं मध्येच पुढे ढकलू नका.