पंप नंबर दोन आणि आठ तास

विक्रोळीतल्या एका ऑफिस इमारतीची देखभाल आमच्याकडे आहे. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, हाउसकीपिंग धरून ३४ माणसं माझ्या हाताखाली. त्यांची टाइमशीटं, म्हणजे कामाच्या तासांची नोंद, दर आठवड्याला माझ्या मोबाइलवर येतात. कागदी मस्टर होतं तेव्हा निदान पानं तरी उलटावी लागायची. आता वर एक चौकोन आहे, त्यावर टिक केली की सगळी नावं निवडली जातात, मग 'अप्रूव्ह'. एका हाताने लोकलची कडी धरून मी हे काम कित्येकदा उरकलंय.

८ जुलै २०२४, सोमवार. मध्यरात्री एक ते सकाळी सात, एवढ्या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. मध्य रेल्वेच्या रुळांवर पाणी. सकाळच्या पाळीचा इलेक्ट्रिशियन येणार कुठून? रविवारी रात्रपाळीला आलेले इलेक्ट्रिशियन, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, बेसमेंटमध्येच अडकले. तिथे पाणी शिरत होतं, पंप सोडून जाणं शक्य नव्हतं.

मंगळवारी नेहमीप्रमाणे मी सगळ्यांची शीटं एका झटक्यात मंजूर केली. बुधवारी काका टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, रागावू नका, पण हे आठ कसे?"

त्यांच्या मोबाइलवर रविवारच्या पाळीपुढे ८ तास. मी त्यांचे पंच, म्हणजे येण्या-जाण्याच्या नोंदी, काढून बघितले. इन रात्री १०:५२, आउट सोमवारी संध्याकाळी ५:४०. म्हणजे १८ तास ४८ मिनिटं. आमचं सॉफ्टवेअर इननंतर १६ तासांच्या आत आउट शोधतं. नाही सापडला तर 'मिसिंग पंच' धरून रोस्टरमधले, म्हणजे ठरलेल्या पाळीचे, ८ तास टाकून मोकळं होतं. नावापुढे बारीक नारिंगी टिंब येतं, बस. मी टिंबं बघितली नव्हती.

"पुरावा काय देऊ?" काका म्हणाले. मी म्हटलं, पंपाचं लॉगबुक आणा.

वही अजून दमट होती, पानं फुगलेली. दर तासाची नोंद त्यांच्या तिरक्या अक्षरात. पहाटे ४:१५: 'पंप २ ट्रिप. परत चालू.' त्याखालच्या ओळीचा पाण्याने पसरून निळा डाग झालेला. दुपारी दोनला नुसतं 'पाणी कमी'. एवढ्या वेळात हा माणूस कधी जेवला, हे त्या वहीत कुठेच नव्हतं. मी विचारलंही नाही, तेव्हा सुचलंच नाही.

आता गंमत अशी, की सुपरवायझरला तास बदलता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शीट परत पाठवायचं, कामगाराने दुरुस्त करायचं, मग आपण मंजूर करायचं. पण आठवडा लॉक झालेला. तो उघडायला एचआर लागतं. वर अ‍ॅप इंग्रजीत. काकांचं शीट त्यांचा दहावीतला मुलगा भरतो.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "ओव्हरटाइमला प्री-अप्रूव्हल लागतं. नाहीतर सिस्टीम घेत नाही."

"मॅडम, पाणी काय आपल्याला विचारून आलं होतं?"

त्या हसल्या, पण शीट उघडेनात. शेवटी मी लॉगबुकच्या पानांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, की महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे (तेव्हाच्या नियमानुसार) दिवसाला ९ तासांवरच्या कामाला दुप्पट दर आहे, आणि त्यात सॉफ्टवेअरच्या परवानगीचं काही म्हटलेलं नाही. दुपारी शीट उघडलं. मुलाने रात्री दुरुस्ती केली. ९ तास ४८ मिनिटं जादा. ती मी एकेक पंच बघून मंजूर केली, मग बाकीची तेहेतीस पुन्हा उघडून बघितली. प्लंबरचंही तेच झालं होतं. तो बोललाच नव्हता.

हे सगळं उरकल्यावर सहज स्वतःचं शीट उघडलं. सोमवार, ८ जुलै: ९ तास, अप्रूव्ह्ड. त्या दिवशी मी डोंबिवलीहून निघून ठाण्याच्या पुढे गेलोच नव्हतो. दोन तास फलाटावर उभा राहून घरी परतलो होतो. सॉफ्टवेअरने माझेही रोस्टरचे तास भरले होते आणि आमच्या साहेबांनी टिक केली होती.

मी रजेचा अर्ज टाकला, कारणात सगळं सविस्तर लिहिलं. मंजुरीचा मेल अकरा सेकंदांत आला.