तुडुमापासून शेवटच्या बांधीपर्यंत

जानेवारीतल्या एका सकाळी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मामा तलावाच्या पाळीवर मी उभा होतो आणि पहिला डबा बावीस मीटरवर असल्याचे मोबाइल सांगत होता. लपवलेले डबे अक्षांश-रेखांशांवरून शोधायचे, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा, हा जिओकॅशिंगचा खेळ. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिला डबा ठेवला. इथले चार डबे गावातल्या मुलांनी ठेवले आहेत, आणि चारही त्या पाटाच्या काठाने, जो गावाने दोन उन्हाळे श्रमदान करून मोकळा केला.

पूर्व विदर्भातले हे तलाव गोंड राजवटीत प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले. मालकी सरकारकडे गेल्यावर दरवर्षी पाट खरडण्याची गावकीची रीत हळूहळू सुटली, गाळ साचला, बेशरम नावाचे चिवट झुडूप माजले आणि टोकाच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, कोरड्या राहू लागल्या. त्या बेशरमीची मुळे कुदळीने खणून काढावी लागतात, वरून कापली तर पावसाळ्यात ती पुन्हा उभी राहते, हे त्या कामावर राबलेल्या एका काकांनी मला सांगितले.

त्याच काकांनी मला वेळेवर थांबवलेही. डबा तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचे पाणी पाटात सोडण्याच्या दगडी तोंडाजवळ असेल असे समजून मी पाळीचा एक सुटा दगड उचलायला वाकलो होतो. “तो दगड हलवू नका जी, पाळ गळते,” ते म्हणाले. डबा निघाला पाळीपासून दूर, मोहाच्या ढोलीत. झाडाखाली जीपीएस काही मीटर चुकतेच, पण मुलांनी जागा जाणून निवडली होती. जलकामाच्या दगडांत डबा कधीच लपवू नये, हे मला तिथे पटले.

पुढचे दोन डबे सहज सापडले. पाट मात्र सावकाश पाहावा असाच होता: हातभर रुंद, तळाशी मऊ वाळू, दोन्ही काठांवर उपसलेल्या गाळाची वाळून भेगाळलेली रांग, आणि त्यातून घोट्याएवढे पाणी उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी आवाज न करता पुढे सरकत होते. एका वळणावर काठ खचला होता. तिथे कोणीतरी पळसाच्या फांद्या आणि चिखल भरून तो ताजाच बांधलेला दिसला.

चौथा डबा पाटाच्या टोकाला, शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर होता. घट्ट झाकणाच्या बरणीत पेन्सिल, बैलाच्या गळ्यातले एक घुंगरू आणि शाळेची वही. खेळणाऱ्यांची नावे मोजकीच होती. बाकीच्या ओळी एकाच थरथरत्या अक्षरातल्या, बांधीच्या मालकाच्या. खेळाशी त्यांचा संबंध नव्हता. पाणी टोकाला पोचले की ते तारीख लिहून ठेवत. शेवटची ओळ आदल्या संध्याकाळची होती: “आज पाणी आले.” मी तिच्याखाली माझे नाव लिहिले आणि बरणीचे झाकण घट्ट लावले.