निगेटिव्ह रिपोर्टनंतर काय?

हिवतापाच्या निदानाबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष वर्तन तपासणाऱ्या सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते: बहुतेक प्रश्न ज्ञानापाशीच रेंगाळतात. रोग कोणता डास पसरवतो, कोणत्या परजीवीमुळे आजार गंभीर होतो, औषध देण्यापूर्वी रक्त तपासावे का, यांची उत्तरे कर्मचाऱ्यांना येतात, आणि त्यात नवल काही नाही, कारण हे सारे त्यांनी परीक्षेत लिहिलेले असते. खरा प्रश्न वेगळा आहे. समोर तापाने फणफणलेले मूल आहे, चाचणी निगेटिव्ह आली आहे. आता तुम्ही काय करता?

ईशान्य टांझानियातील रुग्णालयांत झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात नेहमी आठवतो. तेथे चाचणी निगेटिव्ह आलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना हिवतापाचेच औषध लिहून दिले गेले, आणि चाचणी सूक्ष्मदर्शकाखाली झाली की जलद चाचणीच्या किटवर, याने त्यात फारसा फरक पडला नाही. याला ‘कळते पण वळत नाही’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्व वयोगटांतील संशयित रुग्णांची, उपचारापूर्वी, रक्ततपासणी करण्याची शिफारस केली ती २०१० साली. त्याआधी हिवतापाचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या भागांत पाच वर्षांखालील मुलाला ताप आला की तो हिवताप समजून औषध द्यावे, हेच शिकवले जात होते. तो नियम अडाणीपणाचा नव्हता. फाल्सिपेरम या सर्वांत घातक परजीवीचा हिवताप लहान मुलात एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो, आणि तपासणीची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. ज्या परिचारिकेने उमेदीची वर्षे या नियमाने मुले वाचवण्यात घालवली, तिने एका परिपत्रकाने तो विसरावा ही अपेक्षाच भाबडी आहे. त्यात निगेटिव्ह रिपोर्ट फक्त ‘हिवताप नाही’ एवढेच सांगतो. मग ताप कशाचा, हे शोधण्याचे साधन तिच्यापाशी बहुधा नसते. औषध न देता रुग्णाला परत पाठवायचे तर त्याला द्यायला दुसरे काहीतरी हवे, निदान पटेल असे उत्तर तरी हवे. ते नसले की हात सवयीने नेहमीच्या औषधाकडे जातो, किंवा नियम पाळल्याचे समाधान राखून प्रतिजैविकाकडे. ही दुसरी पळवाट सर्वेक्षणात क्वचितच विचारली जाते.

चाचणीवरचा अविश्वासही नेहमी निराधार नसतो. बहुतेक जलद चाचण्या फाल्सिपेरम परजीवीचे एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. उपचारानंतर परजीवी संपले तरी हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहते, त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट, ज्या परजीवींत या प्रथिनाचे जनुकच नाही ते चाचणीला चुकवतात; असे परजीवी प्रथम पेरूमध्ये आढळले आणि पुढे इरिट्रियात त्यांनी मोठीच अडचण उभी केली. रक्तात परजीवी फार कमी असतील तरी किटवर पॉझिटिव्हची रेषा उमटत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो शंका घेणारच. पण ही शंका पुन्हा तपासणी करण्याकडे वळते की सरसकट औषध देण्याकडे, यावरून त्याचा दृष्टिकोन कळतो.

हाताच्या कामाकडेही जवळून पाहिले पाहिजे. बोटातून घेतलेले रक्त जेमतेम ५ मायक्रोलिटर असावे लागते, ते किटच्या नेमक्या खाचेत आणि बफरचे, म्हणजे रक्त पट्टीवर पुढे नेणाऱ्या द्रावणाचे, थेंब दुसऱ्या खाचेत, मोजून. बफर संपला म्हणून दुसऱ्या कंपनीच्या किटमधला वापरला किंवा थेंब वाढवले, तर निकाल बिघडतो. बहुतेक किटवर १५ ते २० मिनिटांनी वाचायचे असते. बाहेर रांग वाढली की पाचव्या मिनिटालाच ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते, किंवा चाचणीची पट्टी असलेली कॅसेट टेबलावर तासभर पडून राहते. पुसट रेषा हीही पॉझिटिव्हच, पण तेथे अनेकजण अडखळतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीचे दुखणे निराळे: पट्टीवरच्या रक्ताच्या जाड थेंबाची १०० क्षेत्रे (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह म्हणू नये, याला शांतपणे दहा मिनिटे तरी लागतात, आणि पट्ट्यांचा ढीग पुढ्यात असलेल्या तंत्रज्ञाकडे ती नसतात.

हे काहीही ‘तुम्ही चाचणी योग्य प्रकारे करता का?’ या प्रश्नातून बाहेर येणार नाही. उत्तर ‘हो’ असेच येईल. निरीक्षक शेजारी उभा राहिला तर त्या दिवशी काम चोख होते, म्हणून निरीक्षणावरही पूर्ण विसंबता येत नाही. माझ्या मते सर्वांत प्रामाणिक साक्षीदार दोन नोंदवह्या आहेत: प्रयोगशाळेची आणि औषधसाठ्याची. महिन्याभरातील पॉझिटिव्ह रुग्ण आणि त्याच महिन्यात वाटलेले हिवतापाच्या औषधाचे कोर्स शेजारी शेजारी मांडावेत, किट संपलेले दिवस वेगळे काढावेत, आणि उरलेली तफावत घेऊन कर्मचाऱ्यांशी बोलायला बसावे. प्रश्नावली त्यानंतर भरून घेतली तरी चालेल.