११० म्हणजे कुणाचं ११०?

गुरुवार, रात्री ११

आज अ‍ॅनिमल हाऊसमध्ये उंदरांची बीपी घेतली. शेपटी कोमट करायची, कफ चढवायचा आणि उंदीर शांत होईपर्यंत आपणही हलायचं नाही. साध्या उंदरांचा वरचा दाब १२० च्या आसपास. शेजारच्या पिंजऱ्यातले १८५, १९०, एक तर १९६. हा वाणच तसा. १९६३ मध्ये क्योटोत ओकामोटो आणि आओकी यांनी जास्त दाबाची जोडपी निवडत पिढ्यान्‌पिढ्या तो तयार केला.

पुढच्या आठवड्यात यांना भूल देऊन रक्तस्रावाचा शॉक द्यायचा आहे, म्हणजे रक्त काढून दाब कोसळू द्यायचा. तीनशे ग्रॅमच्या उंदरात रक्त जेमतेम वीस मिली. त्यातलं आठ काढायचं, म्हणजे दीड चमचा. हा हिशोब डोक्यातून जात नाही. त्या जिवाकडून उत्तर घ्यायचं, तर प्रश्न तरी नीट विचारायला हवा ना?

रूढ पद्धत अशी, की सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या दाबाच्या मधला) ४० पर्यंत उतरवायचा, तिथेच धरून ठेवायचा, मग औषध द्यायचं. साधा उंदीर १०० वरून ४० ला येतो, हा १५० वरून. आकडा एकच, शॉक मात्र एक नाही. जास्त दाबाखाली राहून यांच्या धमन्या जाड झालेल्या असतात. मेंदू, मूत्रपिंडं त्या दाबाला सरावलेली असतात. इतरांना जो दाब पुरतो, त्यावर ती उपाशी राहतात.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी मामांच्या बाबतीत पाहिलं. काळी शौच होत होती, म्हणजे पोटात रक्तस्राव, उठताना घेरी आली, कॅज्युअल्टीत नेलं. बीपी ११०/७०, नाडी ७८. "नॉर्मल आहे, बसा." रक्त गेलं की नाडी वाढते, पण हृदयाची गती रोखणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळीमुळे ती वाढलीच नव्हती. मी हात धरला तर पंजा गार, कपाळावर चिकट घाम. मामी दुधाच्या हिशोबाची वही घेऊन आल्या होत्या. मागच्या पानांवर रोजचं बीपी लिहिलेलं: १६८, १७२, १६५. ती वही कुणी उघडलीच नाही. रक्त चढवायला तीन तास उशीर झाला. मामा वाचले, पण मूत्रपिंडं दुखावली ती कायमचीच.

म्हणून औषधाचा प्रश्न मला नुसता दाब वर नेण्याचा वाटत नाही. रक्तस्राव थांबवणं आणि रक्त देणं हे आधी आलंच. पण दाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनने आधीच जाड झालेल्या धमन्या आणखी आवळल्या, तर आकडा चढेल. मूत्रपिंडापर्यंत रक्त किती पोचेल? सेंथाक्विन या औषधाकडे माझं लक्ष त्यामुळेच गेलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) ते बीपी उतरवण्यासाठी शोधलं होतं. पुढे कळलं, की ते शिरा आवळून हृदयाकडे परतणारं रक्त वाढवतं. २०२० मध्ये भारतात त्याला अशाच शॉकसाठी मान्यता मिळाली. या १९० वाल्या उंदरांत ते कसं वागतं, हे मला बघायचंय.

दुपारी मॅडमना म्हटलं, ४० नको, प्रत्येकाच्या स्वतःच्या दाबाच्या टक्क्यांत उतरवू. "म्हणजे एथिक्स कमिटीकडे परत जावं लागेल, महिना जाईल," त्या म्हणाल्या. जाऊ दे.

निघताना रजिस्टरमध्ये पट्टीने एक नवा रकाना आखला, सगळ्यांत पहिला: 'याचं रोजचं बीपी'.